दूरची हाक आणि वाटेवरचा वायू



रात्री जेवणखाण उरकल्यावर रेडिओची सुई सावकाश फिरवीत मध्यम लहरींवर दूरचे एखादे केंद्र धरण्याचा नाद ज्यांना होता, किंवा अजून आहे, त्यांना एक अनुभव हमखास आलेला असेल. गाणे छान लागलेले असते. मध्येच आवाज खोल विहिरीत गेल्यासारखा बारीक होतो, मग हळूहळू वर येतो, पुन्हा बुडतो. घरातले कुणी म्हणते, "बॅटरी उतरली असेल." कुणी उठून संचाच्या पाठीवर दोन थापा मारते. तिसरा शहाणा म्हणतो, "केंद्रावरच काही घोटाळा आहे."

या तिघांचेही चुकलेले असते. बॅटरी ठीक असते, संच ठीक असतो आणि तिकडे गाणाराही एका लयीत गात असतो. घोटाळा असतो तो वाटेत. जमिनीपासून शंभर-तीनशे किलोमीटर उंचीवर हवेचा एक विरळ, विद्युत्भारित थर आहे. रात्री दूरच्या केंद्राच्या लहरी या थरावर आपटून आपल्याकडे परततात. त्या एकाच वाटेने येत नाहीत. काही थोड्या जवळच्या वाटेने येतात, काही थोड्या लांबच्या. थर स्वतः सारखा हलत असतो. दोन वाटांनी आलेल्या लहरी कधी एकमेकींना हात देतात, तेव्हा आवाज वाढतो. कधी एकमेकींचे पाय ओढतात, तेव्हा तो बुडतो.

आज ज्या विषयावर बोलायचे आहे तो याच घरगुती अनुभवाचा थोरला भाऊ आहे. कोट्यवधी प्रकाशवर्षे दूर असलेल्या दीर्घिकांकडूनही रेडिओलहरी येतात. दीर्घिका म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखे ताऱ्यांचे अफाट समूह. त्यांच्या लहरी इथवर पोहोचेतो वाटेतल्या वायूमुळे फिसकटतात, पसरतात, लुकलुकतात. मग पृथ्वीवर बसलेल्या ज्योतिर्विदापुढे तोच जुना प्रश्न उभा राहतो : जे दिसते आहे ते दीर्घिकेचे, वाटेचे, की माझ्या यंत्राचे?

हा प्रश्न काही पुस्तकी नाही. त्याने मोठमोठ्यांना चकवले आहे. १९४६ साली इंग्लंडमध्ये हे, पार्सन्स आणि फिलिप्स या तिघांना हंस तारकासमूहातून येणाऱ्या रेडिओलहरींचा जोर मिनिटामिनिटाला कमीजास्त होताना आढळला. साहजिकच त्यांना वाटले की ही वस्तूच लहान असून तिचा स्वतःचा जोर बदलतो आहे. वस्तू लहान असल्याचा अंदाज उपयोगाचा ठरला, पण जोर बदलण्याचे कारण निराळे निघाले. पुढे तीन-चार वर्षांनी केंब्रिज आणि जॉड्रेल बँक या दोन ठिकाणांहून एकाच वेळी निरीक्षणे घेतली गेली. या दोन ठिकाणांत सुमारे दोनशे किलोमीटरचे अंतर आहे. एकीकडे जोर वाढत असे त्या क्षणी दुसरीकडे तो वाढतच असे असे नाही. दोहोंचा काही मेळच बसेना. मूळ वस्तूच कमीजास्त होत असती तर दोन्हीकडे बदल बरोबरच दिसायला हवा होता. तेव्हा बदल वाटेतला, आपल्याच वातावरणातल्या त्या विद्युत्भारित थरातला होता. हंसातली ती वस्तू म्हणजे एक अतिदूरची दीर्घिका आहे, हेही १९५४ पर्यंत स्पष्ट झाले.

शिक्षक बंधुभगिनींनी ही युक्ती ध्यानात ठेवावी : दोन ठिकाणांहून पाहा आणि ताडून बघा. ती पुढे पुन्हा कामाला येणार आहे.

आता वातावरण सोडून वर जाऊ. तारे आणि तारे यांच्या मधली जागा आपण रिकामी समजतो. ती अगदीच रिकामी नाही. आपल्या आकाशगंगेत सरासरीने एका घन सेंटीमीटरमध्ये, म्हणजे साखरेच्या एका खड्याएवढ्या जागेत, साधारण एक अणू सापडतो. आपण श्वासात घेतो त्या हवेच्या तेवढ्याच जागेत अडीचवर अठरा शून्ये देऊन जी संख्या होते तिच्याही दसपट रेणू असतात! मग एका अणूने काय बिघडणार, असे कुणी म्हणेल. पण लहरीला चालायचे असते ते हजारो प्रकाशवर्षे. चिमूटभर मीठ एका घागरीत कळत नाही. तीच चिमूट दर घागरीमागे टाकत गेलात तर हौदाच्या तळाशी किती साठेल याचा हिशेब करा.

या वायूचा काही भाग ताऱ्यांच्या प्रखर प्रकाशाने फुटलेला असतो, म्हणजे अणूंमधून इलेक्ट्रॉन सुटे झालेले असतात. रेडिओलहरीला छळतात ते हे सुटे इलेक्ट्रॉन. ते दहा-वीस घन सेंटीमीटरमागे एखादाच म्हणावा इतके विरळ असतात आणि सगळीकडे सारखे पसरलेले नसतात. कुठे दाट, कुठे पातळ, कुठे भोवरे, कुठे गुठळ्या. ताकात लोणी फुटू लागावे तसा हा सगळा प्रकार. दाट-पातळ भागांतून जाताना लहर किंचित वाकते, आणि शेजारची लहर वेगळ्या बाजूला वाकते.

ज्यांनी गुऱ्हाळ पाहिले आहे त्यांना हे लगेच कळेल. चुलाण पेटलेले असताना त्याच्यावरच्या तापलेल्या हवेतून पलीकडची बाभळ पाहा. फांद्या नाचतात, कडा फाटतात, सगळे झाड पाण्यात बुडाल्यासारखे हलते. बाभळ मात्र जिथल्या तिथे उभी असते.

या गोंधळातून तीन गोष्टी घडतात. पहिली म्हणजे वस्तू फुगलेली दिसते. धुक्यातून येणाऱ्या एस.टी.च्या दिव्याभोवती जसे प्रभेचे मोठे कडे दिसते, तसाच हा प्रकार. दुसरी, वस्तू लुकलुकते. तिसरी, तिच्याकडून आलेला एखादा नेमका ठोका असेल तर त्याला शेपूट फुटते. तिन्ही गोष्टी लांब लहरींना जास्त भोवतात आणि आखूड लहरींना कमी. रेडिओलहर जितकी लांब तितकी ती इलेक्ट्रॉनांच्या कह्यात जास्त जाते. लहर दुप्पट लांब केली की वाकणे चौपट होते. हा चौपटीचा नियम एकदा मनात पक्का धरला की पुढचे बरेचसे आपोआप उलगडते.

शेपटीचेच घ्या. जेजुरीची यात्रा सुटली आणि सगळे भाविक एकाच क्षणी गावाकडे निघाले असे समजा. सडकेने सरळ आलेला आधी पोहोचतो. शेताच्या बांधावरून, ओढ्याकाठाने, वळणावळणाने आलेला मागून येतो. सगळे एकदम निघूनही गावात मात्र येतच राहतात : आधी एक मोठा घोळका, मग विरळ होत जाणारी रांग. आकाशातल्या ठोक्याचे असेच होते. वाकडी वाट सरळ वाटेपेक्षा किती जास्त लांब हे वळणाच्या कोनाच्या वर्गावर अवलंबून असते. कोन चौपट झाला तर उशीर चार चोक सोळापट. म्हणून लहर दुप्पट लांब घेतली की शेपूट सुमारे सोळापट लांबते. प्रत्यक्ष मोजणीत हा आकडा थोडा इकडेतिकडे होतो, कारण वायूच्या गुठळ्या कुणी मापाने पाडलेल्या नाहीत.

ठोके म्हटले की स्पंदकांची आठवण येणारच, आणि त्यांच्या शोधाची गोष्टही या लुकलुकण्याशीच बांधलेली आहे. सूर्यापासून सतत बाहेर वाहणाऱ्या विद्युत्कणांच्या वाऱ्यामुळे लहान आकाराचे दूरचे रेडिओस्रोत लुकलुकतात, हे १९६४ साली केंब्रिजच्या अँटनी ह्यूइश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले. हे लुकलुकणे झरझर टिपता यावे म्हणून त्यांनी साडेचार एकरांत खांब रोवून आणि तारा ओढून एक दुर्बीण उभारली. या कामात जोसेलिन बेल ही विद्यार्थिनीही राबली. कागदाच्या लांबच लांब पट्ट्या तपासताना १९६७ साली तिला एक बारीकशी खरवड दिसली. ही खरवड रात्री उमटत होती, आणि रात्री तर सूर्याकडची बाजू समोर नसल्याने लुकलुक मंदावलेली असायला हवी होती. तिने ती सोडून दिली नाही. अधिक वेगाने कागद फिरवल्यावर सव्वा सेकंदाहून थोड्या अधिक अंतराने पडणारे नेमके ठोके दिसले. तो पहिला सापडलेला स्पंदक! लुकलुकणे मोजायला बसलेल्या माणसांच्या हाती न लुकलुकणारे घड्याळ लागले. १९७४ चे नोबेल पारितोषिक ह्यूइश यांना मार्टिन राइल यांच्याबरोबर मिळाले. बेलबाईंना त्यात वाटा मिळाला नाही, आणि त्याबद्दल लोक अजून बोलतात. माझ्या मते बोलतात ते योग्यच आहे.

स्पंदकांमुळे वाटेवरच्या वायूचे वजन करण्याची एक सोपी रीत मिळाली. वीज चमकल्यावर गडगडाट ऐकू येईपर्यंत आकडे मोजून वीज किती लांब पडली हे आपण काढतो ना? तसेच हे. स्पंदकाचा ठोका सगळ्या लहरींवर एकदम निघतो. पण इलेक्ट्रॉनांच्या गर्दीतून आखूड लहर आधी पोहोचते, लांब लहर रेंगाळत मागून. कर्क अभ्रिकेतला स्पंदक सुमारे साडेसहा हजार प्रकाशवर्षे दूर आहे आणि सेकंदाला तीस ठोके देतो. त्याचा एकच ठोका १४०० मेगाहर्ट्झवर आधी ऐकू येतो आणि ३०० मेगाहर्ट्झवर त्यानंतर सुमारे अडीच सेकंदांनी. तेवढ्या अवधीत मागून दुसरे सत्तर-पंचाहत्तर ठोके येऊन गेलेले असतात! या उशिरावरून वाटेत एकूण किती इलेक्ट्रॉन पडले ते मोजता येते.

हीच मोजणी पुढे दीर्घिकांच्याही पलीकडे नेली गेली. २००७ साली जाहीर झालेला एक रेडिओस्फोट, काही सहस्रांश सेकंद टिकलेला, इतका रेंगाळत आला होता की आपल्या आकाशगंगेतले सगळे इलेक्ट्रॉन धरले तरी तो उशीर भरून निघेना. तेव्हा तो फार दूरच्या दीर्घिकेतून आला असावा असे मानले गेले. असे स्फोट पुढे पुष्कळ सापडले. २०२० साली ऑस्ट्रेलियातल्या दुर्बिणींनी ज्यांचे घर नेमके शोधले होते अशा काही स्फोटांवरून दीर्घिकांच्या मधल्या पोकळीत किती साधे द्रव्य आहे याचा हिशेब मांडण्यात आला. विश्वाच्या जमाखर्चात बरीच वर्षे सापडत नसलेली रक्कम तिथे, त्या विरळ वायूत, निघाली. अडथळा म्हणून ज्याला शिव्या दिल्या तोच असा साक्षीला आला.

आता आपल्या घरच्या दुर्बिणीकडे येऊ. पुणे जिल्ह्यात जुन्नर तालुक्यात, नारायणगावजवळ खोडद येथे मीटरलहरींची महाकाय रेडिओदुर्बीण आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या. त्यांतल्या चौदा एका ठिकाणी दाटीने आणि उरलेल्या तीन फाट्यांवर पसरलेल्या, मिळून पंचवीस किलोमीटरचा पसारा. गोविंद स्वरूप यांनी ती कल्पिली आणि उभी करून घेतली. त्याआधी १९६५ च्या सुमारास त्यांनी कल्याण येथे बत्तीस लहान तबकड्यांची दुर्बीण मांडली होती, आणि १९७० मध्ये उटीच्या डोंगरउतारावर अर्धा किलोमीटर लांबीची. खोडदच्या तबकड्या भरीव पत्र्याच्या नाहीत, बारीक तारेच्या जाळीच्या आहेत. मीटरभर लांबीच्या लहरीला जाळीसुद्धा भिंतीसारखीच वाटते. वारा मात्र आरपार निघून जातो आणि खर्च वाचतो. मला या दुर्बिणीतली ही काटकसर फार आवडते.

आता चौपटीचा नियम आठवून कुणी विचारील : लांब लहरींना वायू जास्त छळतो, मग मुद्दाम मीटरलहरींची दुर्बीण का बांधली? प्रश्न रास्त आहे. स्पंदक याच लहरींवर जोरात बोलतात. दीर्घिकांतून फेकल्या गेलेल्या जुन्या, विझत आलेल्या कणांचे ढग याच लहरींवर उरलेले असतात. दूरच्या हायड्रोजनची एकवीस सेंटीमीटरची लहर विश्व फुगत गेल्याने ताणली जाऊन इथे पोहोचेतो याच टापूत आलेली असते. ऐकायचे तर इथेच, आणि फिसकटलेले ऐकायचे ही त्याची किंमत.

किंमत किती, हे आपल्या आकाशगंगेच्या केंद्राकडे पाहिले की दिसते. सत्तावीस हजार प्रकाशवर्षांवर तिथे सूर्याच्या सुमारे चाळीस लाख पट वस्तुमानाचे कृष्णविवर आहे, आणि त्याच्या दिशेला वायूची दाटी मोठी. खोडदच्या दुर्बिणीने ६२० मेगाहर्ट्झवर, म्हणजे सुमारे अठ्ठेचाळीस सेंटीमीटरच्या लहरीवर, या केंद्राच्या स्रोताची नोंद घेतली. २००४ साली ती प्रसिद्ध झाली. एक हजार मेगाहर्ट्झच्या खाली तो त्याआधी कुणाला दिसला नव्हता. पण दिसला तो फुगलेला ठिपका. एका अंशाचे छत्तीसशे भाग केले तर त्यातल्या सुमारे तीन भागांएवढी फुगवट निव्वळ वायूची. त्याच्या पलीकडची एखादी दूरची दीर्घिका त्या दिशेने पाहिली तरी तिलाही हीच कळा येते.

मग उपाय? आखूड लहर. १.३ मिलिमीटरच्या लहरीवर जगभरच्या दुर्बिणी एकत्र जोडून एप्रिल २०१७ मध्ये या कृष्णविवराचे निरीक्षण झाले. अठ्ठेचाळीस सेंटीमीटर ते १.३ मिलिमीटर म्हणजे लहर सुमारे ३७० पट आखूड. मग फुगवट ३७० गुणिले ३७०, म्हणजे सव्वा लाखाहून अधिक पटींनी कमी. तरीसुद्धा ती अगदीच संपली नाही! कृष्णविवराभोवतीचे तेजाचे कडे एका अंशाच्या छत्तीसशेव्या भागाचे दहा लाख भाग करून त्यातल्या सुमारे बावन्न भागांएवढे, आणि वायूची उरलेली फुगवट वीसेक भागांची. ती हिशेबाने पुसून काढावी लागली. शिवाय कड्याचे तेज स्वतःच मिनिटामिनिटाला बदलत होते. ते चित्र मे २०२२ मध्ये जाहीर झाले. त्याच निरीक्षणांतले एम-८७ या दीर्घिकेचे चित्र एप्रिल २०१९ मध्येच निघाले होते. ती दीर्घिका साडेपाच कोटी प्रकाशवर्षे दूर, म्हणजे केंद्राच्या दोन हजार पट लांब. पण तिची दिशा आकाशगंगेच्या पट्ट्यापासून बाजूला, तिथे वाट मोकळी. लांबचे आधी आणि जवळचे मागून असे झाले, त्यात वाटेचाही हात होता.

इथे जाता जाता एक गोष्ट सांगितली पाहिजे. आकाशातला वायू आपण हटवू शकत नाही, पण जमिनीवरचा गोंगाट आपला असतो. गाडीची ठिणगी, विजेच्या तारेवरचा चरचराट, मोबाईलचा मनोरा, हे सारे दूरच्या दीर्घिकेपेक्षा कितीतरी मोठ्याने ओरडतात. म्हणून खोडदच्या आसपास कारखान्यांवर निर्बंध आहेत, आणि पुणे–नाशिक रेल्वेचा मार्ग दुर्बिणीजवळून नेण्यास हरकत घेतली गेली. ज्यांच्या शेताजवळून गाडी जायची होती त्यांचा हिरमोड मी समजू शकतो. रोजगार आणि बाजारपेठ या साध्या गोष्टी नव्हेत. त्या वादाचा निवाडा या भाषणात होणार नाही. हरकत कशासाठी आहे एवढे मात्र जुन्नर-आंबेगावच्या शाळाशाळांतून मुलांना नीट सांगितले जावे, असे वाटते.

शेवटी लुकलुकण्याकडे वळतो. तारा लुकलुकतो, ग्रह सहसा लुकलुकत नाही. ताऱ्याचे बिंब आपल्याला टिंबासारखे. ग्रहाचे बिंब थोडे रुंद, त्याच्या एका भागाचे वाढणे दुसऱ्या भागाच्या कमी होण्यात बुडून जाते. रेडिओतही तसेच. म्हणून जी दीर्घिका लुकलुकते तिचा गाभा अत्यंत लहान असला पाहिजे, इतका की एरवी कोणत्याही दुर्बिणीला तो मोजणे कठीण.

१९९६ साली ऑस्ट्रेलियातून एका क्वासारचा, म्हणजे दूरच्या तेजस्वी दीर्घिकागाभ्याचा, जोर तासाभरात निम्म्याने बदलताना दिसला. पुन्हा तोच प्रश्न : वस्तू की वाट? वस्तूच तासाभरात बदलत असेल तर ती फार तर प्रकाशाला ओलांडायला तासभर लागेल एवढीच असणार, आणि एवढ्याशा जागेतून एवढे तेज निघणे हिशेबात बसेना. मग जे १८१९+३८४५ नावाचा दुसरा क्वासार मिळाला. तो तर घटकेत वर, घटकेत खाली. नेदरलँड्स आणि अमेरिका येथल्या दुर्बिणींनी तो २००१ साली एकाच वेळी पाहिला. तेच चढउतार, पण एकीकडे आधी आणि दुसरीकडे दीड मिनिटापर्यंत उशिरा! ढगाची सावली या शेतावरून त्या शेतावर सरकत जावी, तशी वायूने पाडलेली उजेड-अंधाराची नक्षी पृथ्वीवरून सरकत होती.

दुसरा पुरावा आणखी गमतीचा. हे लुकलुकणे वर्षाच्या काही महिन्यांत जलद आणि काही महिन्यांत मंद होई, आणि दर वर्षी त्याच महिन्यांत. पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला तीस किलोमीटर वेगाने फिरते. ती नक्षीच्या बरोबर चालली की सावल्या सावकाश जातात, उलट चालली की भराभर. कोट्यवधी वर्षांपूर्वी निघालेल्या प्रकाशाला आपले चैत्र-वैशाख ठाऊक असण्याचे कारण नाही. तेव्हा दोष वाटेचाच, आणि वायूही ताऱ्यांच्या हिशेबाने अगदी आपल्या शेजारचा.

वर्गात हे दाखवायचे असेल तर परातीत पाणी घेऊन उन्हात ठेवा आणि तिचा कवडसा छतावर पडू द्या. पाण्याला बोट लावा. छतावर उजेडाच्या रेघा धावू लागतील. दोन मुलांना छतावरच्या दोन खुणांकडे बघायला सांगा आणि उजेड आला की टाळी वाजवायला सांगा. टाळ्या एकदम पडणार नाहीत. मग परात हळूच एका बाजूला सरकवा आणि काय होते ते मुलांनाच सांगू द्या.

त्या क्वासारचे पुढे काय झाले ते सांगायचे राहिले. २००६ संपून २००७ उजाडता उजाडता त्याचे लुकलुकणे थांबले. क्वासार आहे तिथेच आहे. मधला ढग वाटेतून सरकून गेला.